होडीवरचा दिवा कोणासाठी?

कार्तिकातील त्रिपुरारी पौर्णिमेस साखळीजवळच्या विठ्ठलापुरात वाळवंटीच्या पात्रात दिवे लावलेल्या छोट्या नौका सोडल्या जातात आणि तो सोहळा पाहावयास गोमंतकाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे जमतात. पाण्यावर तरंगणाऱ्या दिव्याचे आकर्षण आपल्याला पूर्वापार आहे. तुळशीपुढे, देवळातल्या दीपमाळेवर, नदीच्या घाटावर दिवा लावणे हे आपल्या संस्काराचेच अंग होय. परंतु ज्या रात्री पौर्णिमा नसते आणि घाटावर प्रेक्षकही नसतात, अशा रात्री मांडवी, जुवारी, साळ या नद्यांतून आणि किनाऱ्यालगत ज्या होड्या, पाती, मोटारनावा ये-जा करतात, त्यांवर दिवा असतो काय, असल्यास तो कोठे असतो आणि कसला असतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विचारला जातो तो अपघात झाल्यावर, आणि तेव्हाही चारच दिवस.

२१ नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यापासून सुमारे सत्तर सागरी मैलांवर 'मार्थोमा' ही मच्छीमार नौका आणि नौदलाची पाणबुडी यांची टक्कर झाली. नौकेवरच्या तेरा जणांपैकी अकरा वाचले, दोघे दगावले. त्या अपघातात दोष कोणाचा, हे ठरविण्याचा अधिकार आमचा नव्हे आणि तो दिव्यांमुळे झाला असेही आम्ही सुचवीत नाही. पण लहान नाव दुसऱ्याला दिसतेच, हे समुद्रात गृहीत धरून चालत नाही, एवढी गोष्ट त्या दिवशी पुन्हा एकदा सर्वांच्या ध्यानात यावयास हवी होती. ती कितपत आली, याविषयी आम्हांला शंका आहे. म्हणूनच या विषयाला मुळापासून हात घालणे आवश्यक वाटते.

नौकेवरच्या लाल-हिरव्या दिव्यांची कथा आगबोटीपासून सुरू होते. शिडाची गलबते वाऱ्याच्या मर्जीने चालत. वारा कोणत्या दिशेचा आहे हे ठाऊक असले की समोरचे गलबत कोणत्या अंगाने येऊ शकेल आणि कोणत्या अंगाने येऊ शकणार नाही याचा अंदाज तांडेलाला बांधता येई. वेगही बेताचा असे. धुराड्याची नौका आली आणि हा सारा हिशेब मोडला. ती वाऱ्याच्या तोंडावर चालून येऊ लागली, भलत्या दिशेने वळू लागली आणि काळोखात तिचा वेग ओळखणे कठीण झाले. तेव्हा १८४८ साली ब्रिटिश नौदल खात्याने वाफेच्या नौकांसाठी नियम केला की, डोलकाठीवर पांढरा, उजव्या अंगाला हिरवा आणि डाव्या अंगाला लाल दिवा असावा. शिडाच्या नौकांना रंगीत दिवे लागू झाले ते त्यानंतर दहा वर्षांनी, १८५८ मध्ये. १८६३ साली ब्रिटन व फ्रान्स यांनी समान नियम स्वीकारले आणि इतर राष्ट्रे हळूहळू त्यांत सामील झाली. १८८९ च्या वॉशिंग्टन परिषदेत त्यांना अधिक नेटके रूप मिळाले. आज जगभर चालणारे टक्करप्रतिबंधक नियम १९७२ चे असून ते १५ जुलै १९७७ पासून अमलात आहेत. भारत त्यांना बांधलेला आहे.

या जुन्या नियमांतले एक कलम आम्हांला विशेष उद्बोधक वाटते. चाळीस टनांहून लहान अशा वाफेच्या नौकेला मोठ्या जहाजाचे सगळे दिवे पेलणार नाहीत हे त्या काळच्या नियमकर्त्यांनी ओळखले होते. म्हणून अशा नौकेने पांढरा दिवा पुढच्या भागात, किंवा थेट धुराड्यावर वा त्याच्यासमोर, 'जेथून तो उत्तम दिसेल तेथे', होडीच्या काठापासून निदान नऊ फूट उंचीवर लावावा, आणि त्याच्या खाली निदान तीन फुटांवर लाल-हिरव्या भिंगांचा एकच जोडकंदील ठेवावा, अशी मुभा दिली होती. वल्ह्यांच्या होडीला तर एक पेटता कंदील हाताशी तयार ठेवून वेळेवर दाखविला तरी पुरे होते. म्हणजे लहान नावेची ऐपत पाहूनच नियम घडविला गेला होता, मात्र तिला सूट दिली म्हणून तिला काळोखात सोडून दिले नव्हते. आजच्या नियमांतही हीच वृत्ती कायम आहे.

पुढे तेलाची यंत्रे आली, धुराडी गेली. शब्द मात्र मागे राहिले. आपल्याकडे कोकणच्या बोटीला 'आगबोट' म्हणण्याची सवय आग विझल्यावरही सुटली नाही, आणि कायद्याचीही तीच गत झाली. नद्यांतून चालणाऱ्या यांत्रिक नौकांसाठी भारतात १९१७ साली जो कायदा झाला, त्याच्या नावातच 'वाफेच्या नौका' होत्या. ते नाव बदलावयास १९७७ साल उजाडले, आणि त्याची जागा नव्या कायद्याने घेतली ती २०२१ मध्ये. नियमांच्या दृष्टीने यंत्र वाफेवर चालते, डिझेलवर चालते की बॅटरीवर, याला काही महत्त्व नाही. यंत्राने चालणारी ती यांत्रिक नौका, आणि दिव्याची जबाबदारी तिला चुकत नाही. हे सांगण्याचे कारण असे की, वल्ह्यांच्या पातीला मागे एक यंत्र टांगले म्हणजे ती वेगळ्या वर्गात जाते, हे आमच्या अनेक नावाड्यांना कोणी कधी सांगितलेलेच नाही.

आता दिवा म्हणजे नेमके काय, हे पाहू. आपल्या घरातला दिवा आपल्याला दिसावे म्हणून असतो. नौकेवरचा संकेतदिवा दुसऱ्याने आपल्याला पाहावे म्हणून असतो, आणि नुसते पाहावे म्हणून नव्हे, तर आपण कोणीकडे चाललो आहोत हे त्याने वाचावे म्हणून असतो. हिरवा दिवा नाळेच्या सरळ रेषेपासून उजवीकडे ११२.५ अंशांपर्यंतच दिसला पाहिजे, लाल तितकाच डावीकडे. डोलकाठीवरचा पांढरा समोरच्या २२५ अंशांत आणि मागचा पांढरा उरलेल्या १३५ अंशांत. या मापांत सगळी भाषा आहे. समोरून लाल आणि हिरवा असे दोन्ही दिसले तर नौका थेट आपल्यावर येत आहे, दोघांनीही उजवीकडे वळावयाचे. आडव्या येणाऱ्या नौकेचा लाल दिवा आपल्या उजव्या अंगाला दिसला तर वाट आपण द्यावयाची. हिरवा आपल्या डाव्या अंगाला दिसला तर वाट देणे तिचे काम. नुसता पांढरा दिसला तर आपण तिला मागून गाठत आहोत, किंवा ती नांगरून उभी आहे. एवढे कळावयास बिनतारी यंत्र लागत नाही, इंग्रजी लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही.

म्हणूनच चुकीचा लावलेला दिवा हा नसलेल्या दिव्यापेक्षा कधीकधी अधिक घातक ठरतो. लाल-हिरवा अदलाबदल झालेली नौका समोरच्याला उघड खोटे सांगत असते. जी बाजू दिसावयास नको ती दिसू देणारा, म्हणजे दोन्ही रंग सगळीकडून दाखविणारा दिवाही तसाच. जो दिवा नाही त्याच्याविषयी सावध नावाडी संशय बाळगतो. जो दिवा आहे त्याच्यावर तो विश्वास ठेवतो.

लहान नौकेवर दिवे बसविणे हे वाटते तितके सोपे काम नव्हे, हे आम्ही मान्य करतो. बारा मीटरांहून लहान यांत्रिक नौकेला आजच्या नियमांनी मोठीच सवलत दिली आहे. डोलकाठीचा व मागचा असे दोन पांढरे दिवे न लावता चहूबाजूंनी दिसणारा एकच पांढरा दिवा आणि त्याच्या जोडीला लाल-हिरवे बाजूचे दिवे तिला चालतात. ते दोन्ही रंग एकाच कंदिलात मध्यरेषेवर ठेवले तरी चालतात. पांढरा मात्र त्यांच्यापेक्षा निदान एक मीटर उंच हवा. तो दोन सागरी मैलांवरून आणि रंगीत एका मैलावरून दिसला पाहिजे. ऐकावयास हे सोपे आहे. पण मध्यरेषेवर पांढरा दिवा लावावयास जावे तर जुन्या छोट्या वाफेच्या लाँचवर नेमके तेथेच धुराडे उभे असे, आणि आजच्या लाँचवर छप्पर किंवा चालकाची केबिन उभी असते. धुराडे वीस सेंटिमीटर रुंदीचे असेल आणि दिवा त्याच्यापासून एक मीटरवर असेल, तर सुमारे साडेअकरा अंशांची फाळ त्याच्या आड जाते. नियम सहा अंशांपेक्षा अधिक आडोसा चालवून घेत नाही. तोच दिवा दोन मीटरांवर नेला की आडोसा सहा अंशांच्या आत येतो. मध्यरेषेवर जागाच नसेल तर पांढरा दिवा थोडा बाजूला सरकविण्याचीही परवानगी आहे, मात्र मग लाल-हिरव्यांचा जोडकंदील शक्यतो मध्यरेषेवर असावा लागतो. धुराड्याच्या वाऱ्याखाली ठेवलेला दिवा तासाभरात काजळतो, हा धडा वाफेच्या काळातल्या खलाशांनी शिकून ठेवला होता. आज काजळीच्या जागी खाऱ्या तुषारांचा थर आहे, एवढाच फरक.

यांत हिशेब आहे तो सुताराच्या दोरीचा आणि गुण्याचा. विद्वत्तेचा नाही. तरीही मालिमच्या किंवा कुटबणच्या धक्क्यावर सहज फेरी मारून पाहावे. काही ट्रॉलरांवर दिवे जेथे असावयास हवेत तेथे आहेत. काहींवर पांढरा दिवा छपराखाली टांगलेला दिसेल, म्हणजे तो स्वयंपाकाला उपयोगी, समोरून येणाऱ्या नौकेला निरुपयोगी. काहींवर बाजारातून आणलेली रंगीत माळ आहे. आणि लहान होडीत बहुधा एक विजेरी, तीही तळाशी जाळ्याखाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

याला मच्छीमार बांधवांची काही उत्तरे आहेत आणि ती तुच्छतेने झटकून टाकण्याजोगी नाहीत. एक म्हणजे खर्च. बॅटरी, तारा, भिंगे खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत. दुसरे, दिवा लावला की आपण मासळी कोठे धरली आहे हे दुसऱ्यांना कळते. तिसरे, किनारा आमच्या पायाखालचा आहे, आम्हांला दिवा कशाला? पहिले उत्तर खरे आहे, पण पूर्वीइतके खरे नाही. आज थोड्या वॅटचा दिवा लहानशा बॅटरीवर रात्र काढतो. मात्र जुन्या लाल वा हिरव्या भिंगात कोणताही पांढरा एलईडी दिवा खुपसून भागत नाही, त्याने रंग बिघडतो आणि अंतरही कमी होते. त्या कामासाठीच बनविलेला दिवा लागतो. दुसऱ्या उत्तराविषयी एवढेच म्हणावेसे वाटते की, जाळ्याची जागा लपविण्यासाठी स्वतःचा जीव लपवून ठेवणे हा व्यवहार महाग पडतो. मासेमारी चालू असताना दाखवावयाचे वेगळे दिवे नियमांत आहेतच. ट्रॉलिंग करणाऱ्याने पांढऱ्यावर हिरवा, इतर प्रकारच्या मासेमारीत पांढऱ्यावर लाल. त्या दिव्यांमुळे दुसरी नौका जाळ्यापासून दूर राहते, म्हणजे जाळेही वाचते. आणि तिसरे उत्तर तर मुळातच चुकीच्या प्रश्नाचे आहे. किनारा तुम्हांला ठाऊक आहे. पण मागून येणाऱ्या बार्जच्या सारंगाला तुम्ही ठाऊक नाही. रिकाम्या बार्जची नाळ पाण्याबाहेर उंच उठलेली असते आणि चालविणारा पार मागे बसलेला असतो. नाळेच्या पुढचे कितीतरी पाणी त्याला दिसतच नाही. अरुंद पात्रात त्याला बाजूला घेण्यासही जागा नसते, आणि अशा पात्रात मोठ्या जहाजाची वाट अडवू नये असा नियम लहान नौकेलाच बजावतो.

सात मीटरांहून लहान आणि सात नॉटांपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे तेरा किलोमीटरांपेक्षा, अधिक वेगाने न जाऊ शकणाऱ्या यांत्रिक होडीला चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा पुरतो. शक्य असेल तर बाजूचेही लावावेत, एवढेच नियम सांगतो. ज्याच्याकडे वल्हीच आहेत त्याला हाताशी विजेरी किंवा कंदील ठेवून वेळीच दाखविला तरी चालते. इतके थोडे मागणे आहे. पण सात नॉटांची ही मर्यादा ओलांडण्याइतके मोठे यंत्र होडीला लावले की ती सवलत संपते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

येथवर आम्ही लहानांना चार गोष्टी ऐकविल्या. आता मोठ्यांकडे वळले पाहिजे, कारण या बाबतीत त्यांचा अपराध अधिक आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. पणजीच्या धक्क्यावर संध्याकाळी उभे राहून मांडवीकडे पाहिले तर दिव्यांचा तुटवडा नाही, सुकाळ आहे. कॅसिनोंची जहाजे नखशिखांत उजळलेली असतात, त्यांच्यावरचे रंग क्षणाक्षणाला बदलतात. पर्यटकांना फिरविणाऱ्या नौकांवर नाचगाणे आणि लाल, हिरव्या, निळ्या माळांचा झगमगाट असतो. या सगळ्यांत एखाद्या होडीच्या काठावरचा दोन वॅटचा लाल दिवा शोधून दाखवावा! नांगरून उभ्या असलेल्या जहाजाने आपले डेक उजळून ठेवणे हे नियमाला धरूनच आहे, आमची तक्रार त्याविषयी नाही. परंतु जे दिवे संकेतदिव्यांसारखे वाटतील, त्यांना झाकतील किंवा पहाऱ्यावरच्या माणसाची नजर दिपवितील, असे दिवे दाखवू नयेत, हे त्याच १९७२ च्या नियमांत विसाव्या नियमाने स्वच्छ सांगितले आहे. गरीब पातीवाल्याकडे दिवा नाही म्हणून त्याला दटावणारा हात श्रीमंत जहाजावर अधिक दिवे आहेत म्हणून कधी उगारला गेल्याचे आम्हांला आठवत नाही.

समुद्रातही हाच विरोधाभास आहे. प्रखर दिव्यांनी मासळी आकर्षित करून धरण्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. तरी आमचे रांपणकार त्याविरुद्ध वर्षानुवर्षे गाऱ्हाणे मांडीत आहेत. मासळीला फसविण्यासाठी जनरेटर चालविण्याची ऐपत ज्यांच्याकडे आहे, त्यांना बाजूचा लाल-हिरवा दिवा परवडत नाही असे कोण म्हणेल? त्या झोताच्या मागे नौका कोणीकडे तोंड करून आहे, हे दुरून येणाऱ्याला कळणेच शक्य नसते.

मग करावे काय? कायदा नाही असे नाही. बंदर कप्तान खात्याकडे नौकांची नोंदणी आहे, तपासणी आहे, परवाने आहेत. पण दिव्यांची तपासणी भर दुपारी धक्क्यावर होत असेल तर ती कागदाची तपासणी झाली. दिवा पेटतो की नाही एवढेच दुपारी कळते. तो कोठून दिसतो, कोठून दिसत नाही आणि किती लांबून दिसतो, हे काळोखातच आणि पाण्यावरूनच कळते. एका लहान बोटीने तपासावयाच्या नौकेभोवती एक फेरा मारला तर पाच मिनिटांत सगळे उघड होईल. लाल कोठे लपला, हिरवा कोठे लपला, दोन्ही एकदम कोठे दिसले याची टिपणे घेऊन तांडेलाला तेथेच दाखवून द्यावीत. दंड ही नंतरची गोष्ट.

मत्स्योद्योग खाते जाळी व यंत्रे यांवर अनुदान देते. त्या यादीत लहान होडीसाठी एक पांढरा दिवा, एक जोडकंदील आणि एक बॅटरी यांचा समावेश केल्यास तिजोरी रिकामी होणार नाही. दिव्यांच्या भाषेचा एक चित्रतक्ता मराठीत, कोकणीत आणि त्याबरोबरच कन्नड, हिंदी व ओडियातही छापून धक्क्याधक्क्यांवर लावावा, कारण आज आमच्या ट्रॉलरांवर काम करणारे बरेचसे खलाशी परप्रांतांतून आलेले आहेत आणि रात्रीच्या पहाऱ्याला बहुधा तेच असतात. पर्यटक नौकांच्या परवान्यात सजावटीच्या दिव्यांविषयी एक स्पष्ट अट घालावी. लाल, हिरवा व लुकलुकणारा पांढरा हे रंग सजावटीसाठी वर्ज्य. उरलेल्या रंगांत नाचणाऱ्यांची हौस भागण्यास अडचण पडू नये!

आपल्याकडे यांत्रिक मासेमारीची बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते. त्या दोन महिन्यांत ट्रॉलर धक्क्याला असतात, जाळी दुरुस्त होतात, यंत्रे उघडली जातात, तळाला रंग लागतो. आग्वादचा बार पावसात खवळलेला असतो आणि नदीत वर्दळ कमी असते. नव्या तारा ओढण्यास, पांढऱ्या दिव्याची काठी एक मीटर उंच करण्यास आणि धुराड्याआड किंवा छपराआड गेलेला दिवा पुढे सरकविण्यास याहून सोयीचा काळ वर्षात दुसरा नाही. बंदर कप्तान खात्याने जुलैच्या शेवटच्या आठवड्यातल्या रात्री या कामासाठी राखून ठेवाव्यात, आणि १ ऑगस्टला ज्या नौका बाहेर पडतील त्यांतली प्रत्येक आदल्या आठवड्यात एकदा तरी काळोखात कोणीतरी बाहेरून पाहिलेली असावी.